स्वाभिमान, मीपणा आणि फ्लेक्सवरचा मी

आमच्या गावाला आडनाव आहे. धामणगाव रेल्वे! वऱ्हाडात धामणगावं बरीच. अचलपूरकडे धामणगाव गढी आहे, बुलडाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. आमचं गाव मुंबई-हावडा लाईनवर, म्हणून ते रेल्वे. मी रोज तिथूनच अप-डाऊन करतो, त्यामुळे फर्स्ट लेक्चरला उशीर झाला की गाडीचं नाव सांगायची सोय आहे.

तर या गावाच्या एका चौकात दहावीच्या निकालानंतर माझा फोटो लागला होता. फ्लेक्सवर. वर 'हार्दिक अभिनंदन', मध्ये मी, आणि खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो. त्यातल्या दोघांचे फोटो माझ्यापेक्षा मोठे होते, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही. त्या चौकात आमचं काहीही काम नसायचं. तरी मी दूध आणायला मुद्दाम तिकडूनच जायचो. पावसाने माझं नाक पुसट झालं, मग कान गेले, आणि शेवटी त्याच बांबूंवर कोणत्यातरी 'भावी' भाऊंचा वाढदिवस चढला. मला खरंच वाईट वाटलं होतं. आज हसू येतं... पण पूर्ण येत नाही.

कारण परवाच्या सेमिस्टरमध्ये जे झालं ते या फ्लेक्सशी जोडलेलं आहे, असं मला आता वाटतं.

आमच्या चौघांच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट होता. ऑटोमॅटिक रेल्वे फाटक. (हो, माहीत आहे, दर वर्षी कुणीतरी करतंच.) बारा व्होल्टचा अॅडॉप्टर, पुढे ७८०५ रेग्युलेटर, पाच व्होल्टवर सेन्सर, रिले, एलईडी, बझर आणि फाटकाच्या दोन मोटर. आमच्या ग्रुपमध्ये दर्यापूरकडची एक मुलगी आहे. वर्गात फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "७८०५ ले हीट सिंक लावून घेऊ, लय गरम होऊन राह्यला." मी म्हणालो, "काही गरज नाही. बोर्ड चांगला दिसणार नाही." तिने वही काढून गणित दाखवलं. बारा वजा पाच म्हणजे सात व्होल्ट, करंट अर्धा अँपिअर, म्हणजे साडेतीन वॅट नुसते उष्णतेत जातात. हीट सिंक नसेल तर या पॅकेजचं तापमान दर वॅटला पन्नास ते पासष्ट अंश वाढतं. आता तुम्हीच गुणाकार करा. मी केला नाही. मी म्हणालो, "तुले जास्त समजते काय?" आणि बाकीचे दोघे हसले. ती गप्प बसली.

डेमोच्या दिवशी फाटक झोकात खाली आलं. खेळण्यातली गाडी गेली. फाटक वर जाईना! ७८०५ च्या आतमध्ये थर्मल शटडाऊन असतो. फार तापला की तो स्वतःच बंद होतो, थंड झाला की सुरू होतो. त्यामुळे आमचं फाटक मधूनच थरथरायचं आणि पुन्हा आडवं पडायचं. सरांनी विचारलं, "काय झालं?" आणि मी एका क्षणात म्हणालो, "सर, सोल्डरिंग हिनं केलं होतं."

हे वाक्य माझ्या तोंडून विचार न करता निघालं, हीच त्यातली भयंकर गोष्ट. विचार करून खोटं बोललो असतो तर एक वेळ म्हणता आलं असतं की नालायकपणा केला. पण हे शिंक आल्यासारखं आलं. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचतो आहे.

हल्ली आपल्या कँटीनमध्ये 'नार्सिसिस्ट' हा शब्द फार स्वस्त झालाय. रूम पार्टनरने चहाचे पैसे दिले नाहीत, नार्सिसिस्ट. ब्रेकअप झालं, समोरचा नार्सिसिस्ट. मूळ गोष्ट ग्रीक आहे. नार्सिसस नावाचा देखणा तरुण पाण्यात आपलंच प्रतिबिंब पाहून त्याच्या प्रेमात पडतो आणि तिथेच झुरून मरतो. मानसोपचाराच्या पुस्तकात एक व्यक्तिमत्त्व-विकार म्हणूनही या नावाची नोंद आहे, १९८० पासून. पण तो ठरवणं डॉक्टरांचं काम, आपण सगळ्यांवर शिक्के मारत सुटू नये. मी बोलतोय ते त्याच्या साध्या, रोजच्या रूपाबद्दल. मराठीत त्याला मीपणा म्हणू. 

आपला समज असा असतो की स्वाभिमान थोडा असला की चांगला, जास्त झाला की त्याचाच मीपणा होतो. चहातल्या साखरेसारखा. मलाही हेच वाटायचं. पण संशोधन वाचलं तर हे दोन पदार्थच वेगळे निघतात. मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये स्वतःबद्दलचा आदर मोजायला दहा वाक्यांची एक प्रश्नावली केली, ती आजही वापरतात. त्यातलं एक वाक्य साधारण या अर्थाचं आहे : मी निदान इतरांच्या बरोबरीचा, किंमत असलेला माणूस आहे. लक्षात घ्या, बरोबरीचा! वरचढ नाही. पुढे १९७९ मध्ये रास्किन आणि हॉल यांनी नार्सिसिझम मोजायची वेगळी चाचणी तयार केली. तिच्यात विचारलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत : सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे असावं का, आपण खास आहोत का, लोकांनी आपलं ऐकलंच पाहिजे का. म्हणजे एकाला बाकावर शेजारी बसायला जागा हवी, दुसऱ्याला स्टेजवर खुर्ची हवी. आणि खुर्ची मिळायची तर कुणीतरी खाली बसलेलं पाहिजे.

एक प्रयोग तर मला माझ्यावरच केल्यासारखा वाटला. १९९८ साली बुशमन आणि बॉमिस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना निबंध लिहायला लावले. मग काहींना सांगितलं, निबंध छान आहे. काहींना सांगितलं, इतका वाईट निबंध क्वचितच वाचला. त्यानंतर एक खेळ, ज्यात हरणाऱ्याच्या कानात जिंकणाऱ्याने कर्कश आवाज सोडायचा. किती मोठा आणि किती वेळ, ते जिंकणाऱ्याने ठरवायचं. ज्यांचे नार्सिसिझमचे मार्क जास्त होते आणि ज्यांच्या निबंधाला नावं ठेवली गेली, त्यांनी नावं ठेवणाऱ्याच्या कानात सगळ्यात मोठा आवाज सोडला. नुसता स्वाभिमान जास्त-कमी असण्याचा या रागाशी काही संबंध दिसला नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर, सेकंड इयरला ७४१ ऑप-अँप सगळ्यांनीच केला आहे. फीडबॅक न देता वापरला तर त्याचा गेन दोन लाखांच्या आसपास. इनपुटला मिलिव्होल्टचा अंश आला तरी आऊटपुट थेट सप्लायला जाऊन टेकतं. एक तर पूर्ण प्लस, नाही तर पूर्ण मायनस. मधलं काही नाही. त्याला उपयोगी बनवतो तो निगेटिव्ह फीडबॅक. आणि पॉझिटिव्ह फीडबॅकचं काय होतं ते गणपतीत माईकसमोर स्पीकर ठेवल्यावर सगळ्या गल्लीला कळतं. मी दहावीपासून बारावीपर्यंत स्पीकरसमोरचा माईक होतो. कौतुकाने प्लस पंधरा, कुणी चूक दाखवली की मायनस पंधरा.

चौकाला दोष देऊन मोकळं व्हायचा माझा विचार नाही. लोकांनी प्रेमानेच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, उतरायचं मी विसरलो. पण फर्स्ट सेमला एम-वनची बॅक लागली तेव्हा घरात जे झालं ते सांगण्यासारखं आहे. मी पंधरा दिवस निकाल लपवला. 'साईट बंद आहे' म्हणून सांगायचो. शेवटी काकांना कुठूनतरी कळलं. काका म्हणाले, "तपासणाऱ्यानंच चूक केली असन. आपला पोट्टा नापास होणारा हाय काय? रिव्हॅल टाक!" मला इतकं बरं वाटलं! मी रिव्हॅल टाकलं. पैसे गेले, मार्क तेवढेच राहिले.

बाबा मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी आहेत. कापसाच्या सीझनमध्ये रात्री उशिरा येतात. त्यांना मी त्या रात्री सांगितलं, "बाबा, गणितात राह्यलो मी." बाबांनी हात धुतले, विचारलं, "जेवला काय तू?" मी म्हणालो, "हो." मग म्हणाले, "पेपर कधी हाय पुन्हा?" संपलं. मला तेव्हा बाबांचा रागच आला होता. यांना काहीच वाटत नाही? रागावले असते तरी चाललं असतं. मी काही साधासुधा पोरगा आहे का, नापास झालं तर नुसतं 'जेवला काय' विचारायला?

साधासुधाच होतो. ते बाबांना माहीत होतं आणि त्यांचं काही बिघडत नव्हतं.

२०१५ साली नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास मी वाचला. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते अकरा वर्षांची ५६५ मुलं आणि त्यांचे आईवडील घेतले, दर सहा महिन्यांनी चार वेळा तपासलं. ज्यांचे आईवडील 'आमचं मूल इतरांपेक्षा खास आहे, त्याला जास्त मिळालं पाहिजे' असं मानत, त्या मुलांमध्ये पुढे नार्सिसिझम वाढलेला दिसला. स्वाभिमान वाढला तो ज्यांना घरात माया मिळाली त्यांचा. कौतुकाने स्वाभिमान वाढत नाही, मायेने वाढतो. हे वाचताना मी गाडीत होतो, कुठलंतरी स्टेशन गेलं, आणि मला ते 'जेवला काय' आठवलं. काकांचं प्रेम कमी होतं असं नाही हं. पण काकांच्या प्रेमाला मी पास असणं लागत होतं.

आता थोडं उलट बाजूला. ओरिएंटेशनला दर वर्षी कुणीतरी मोटिव्हेशनल स्पीकर येतात आणि आरशासमोर उभं राहून 'मी ग्रेट आहे' म्हणायला सांगतात. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये स्वाभिमान वाढवण्यासाठी चक्क सरकारी समिती नेमली. मुलांचा स्वाभिमान वाढला की गुन्हे, व्यसनं, शाळा सोडणं सगळं कमी होईल अशी आशा होती. २००३ मध्ये त्याच बॉमिस्टर यांनी तीन सहकाऱ्यांसह तोपर्यंतचं सगळं संशोधन चाळलं. स्वतःबद्दल चांगलं वाटलं म्हणून मार्क वाढतात असं काही निघालं नाही. उलट मार्क चांगले पडले की स्वतःबद्दल थोडं बरं वाटतं, एवढंच. असो. स्पीकरच्या मानधनाबद्दल मी बोलत नाही!

पण याचा अर्थ मान खाली घालून बसा, असाही नाही. आणि इथे आपल्या भागातल्या लोकांशी माझं भांडण आहे. आपण दोन्ही बाजूंनी चुकतो. जो वर्गात मोठ्याने बोलतो, गॉगल लावून बाईक वाकडी करून उभी करतो, त्याला आपण म्हणतो 'काय कॉन्फिडन्स हाय राज्या!' आणि जी मुलगी सरळ सांगते की हे गणित चुकलं, तिला म्हणतो 'लय शहाणी समजते स्वतःले.' खेड्यातून आलेला एखादा सेमिनारमध्ये मराठीतून प्रश्न विचारतो, त्याला हसतो. तो पुन्हा विचारत नाही, मग त्याला 'नम्र' म्हणतो. माझ्या दर्यापूरच्या ग्रुप मेंबरला सगळे 'साधी पोरगी' म्हणायचे. ती साधी नव्हती. तिचं गणित बरोबर होतं आणि ते तिला माहीत होतं, एवढंच. चारचौघांत हसं झाल्यावर तिने आवाज चढवला नाही, पण वहीतलं गणित खोडलंही नाही.

स्वाभिमान म्हणजे काय ते शिकायला आपल्याला ग्रीसला जायची गरज नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली होती, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पिढ्यान् पिढ्या ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं ती माणसं काय मागत होती? वेगळं, मोठं, व्हीआयपी दार नव्हे. सगळे ज्या दारातून जातात त्याच दारातून आम्हीही जाऊ, एवढंच! त्या वेळी त्यांना 'माजले' म्हणणारे लोक असणारच. आजही बरोबरी मागणाऱ्याला माजला म्हणतात आणि रांग मोडून पुढे जाणाऱ्याला भाऊ म्हणतात.

आणि गाडगेबाबा. आपल्या मार्कशीटवर विद्यापीठाचं नाव म्हणून जे छापलेलं असतं ते. शेंडगावला १८७६ चा जन्म. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर, हातात खराटा. नुसतं पाहणाऱ्याला वाटेल, या माणसाला स्वतःची काही किंमतच नाही. पण गावात शिरले की आधी गाव झाडायचं आणि मग भाकरी. केल्याशिवाय खायचं नाही! पंढरपूर, आळंदी, नाशिकला लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः उघड्यावर राहिले. कुणी पाया पडायला वाकलं तर पडू देत नसत. याला मी जगातला पहिल्या प्रतीचा स्वाभिमान म्हणतो. भाकरीची किंमत चुकवलेली आहे म्हणून कुणापुढे लाचार नाही, आणि पाया पडून घ्यायची भूक नाही म्हणून कुणाला खाली वाकवायचं नाही. हजारो लोक कीर्तनाला जमत, म्हणजे आमच्या चौकापेक्षा टाळ्या कितीतरी जास्त. पण त्या टाळ्या त्यांना लागतच नव्हत्या. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ ते गेले. आता जयंतीला त्यांचा फोटो फ्लेक्सवर असतो, कोपऱ्यात, छोटा, आणि खाली अकरा शुभेच्छुक. या गोष्टीवर त्यांनी कीर्तनात काय केलं असतं याचा विचार करून मला मजा वाटते.

तुम्ही म्हणाल, संतांचं सोड बाबा, आम्ही इंजिनिअरिंगची पोरं, आम्हाला प्लेसमेंट पाहिजे, इंटरव्ह्यूला स्वतःची मार्केटिंग करावीच लागते. बरोबर आहे. 'मला हे येतं' असं ठणकावून सांगण्यात काहीच वाईट नाही, येत असेल तर. माझ्यापुरती मी एक परीक्षा ठरवली आहे. चूक दाखवल्यावर पहिल्यांदा माझं लक्ष कुठे जातं? चुकीकडे, की दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे? ७८०५ कडे, की तिच्याकडे? गेल्या सेमिस्टरपर्यंत मी शंभरातून शंभर वेळा तोंडाकडे पाहिलं आहे. आता मोजतो. अजून पास झालो असं सांगण्यासारखा स्कोअर नाही.

एक गोष्ट राहिली. डेमोनंतर साधारण दीड महिन्याने मी तिला लायब्ररीबाहेर गाठलं. बोलायचं काय ते गाडीत पाठ केलं होतं. म्हणालो, "हीट सिंकचं तू बरोबर होतीस. मी सरांना खोटं सांगितलं. माझं चुकलं." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले कायले सांगतं? मले तर माहीतच होतं. सरले सांग."

हे मी पाठ केलेलं नव्हतं. तिला सॉरी म्हटलं की ती 'जाऊ दे' म्हणेल आणि मी किती मोठ्या मनाचा असं मलाच वाटेल, असा माझा हिशोब होता. म्हणजे माफी मागतानाही मी फ्लेक्सच लावत होतो!

सरांकडे जायला आणखी चार दिवस लागले. दोनदा स्टाफरूमच्या दारातून परत आलो. तिसऱ्यांदा गेलो आणि जे होतं ते सांगितलं. सर वही तपासत होते, त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मार्क युनिव्हर्सिटीला गेले रे. आता काही होणार नाही." मग थोडं थांबून विचारलं, "तिचं कॅल्क्युलेशन आहे का कुठं?" मी म्हणालो, तिच्या वहीत आहे. ते म्हणाले, "तिला घेऊन ये. बघू दे मला."

मी तिला निरोप दिला. ती एकटीच गेली. फायनल इयरच्या प्रोजेक्टचे ग्रुप या महिन्यात ठरले. ती दुसऱ्या ग्रुपमध्ये आहे. त्यांच्या बोर्डवर परवा पाहिलं, रेग्युलेटरला हीट सिंक आहे, चांगला मोठा. बोर्ड काही वाईट दिसत नाही.